राक्षसाचे गुडघे

कारखान्यात त्यांना सगळे 'कृपयासाहेब' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण इतक्या जवळून की त्यांना ऐकू जावं. इस्त्र्या, मिक्सर आणि गिझर बनवणाऱ्या त्या कारखान्यात खोक्यात घालायचं माहितीपत्रक लिहिणं हे त्यांचं काम. एकोणतीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं. 'कृपया इस्त्री पाण्यात बुडवू नये.' 'कृपया मिक्सर चालू असताना झाकण काढू नये.' वाक्य 'कृपया'ने उघडायचं आणि 'नये'ने कुलूप लावायचं, हा त्यांचा खाक्या. घरीसुद्धा ओट्यावर चिठ्ठ्या असत. 'कृपया दूध उतू जाऊ देऊ नये.' त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. लग्नानंतर पहिलं वर्षभर तिने त्या चिठ्ठ्या पेटीत जपून ठेवल्या, दुसऱ्या वर्षी त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवली, आणि तिसऱ्या वर्षापासून दूध उतू जायचं तेव्हा जाऊ लागलं.

कृपयासाहेबांच्या जिवाला एकच खंत होती. त्यांचं लिखाण लाखांनी छापलं जायचं आणि एकही माणूस ते वाचायचा नाही. त्यांच्या टेबलाशेजारच्या खोलीत तक्रारींचा फोन होता. इस्त्री तापत नाही, अशी तक्रार यायची. तिकडची बाई विचारायची, बटण दाबलंय का. आणि पलीकडे शांतता पसरायची. बटण दाबावे, हे पत्रकात दुसऱ्या परिच्छेदात ठळक अक्षरात होतं. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे ताटकळत बसले असताना डुगडुगणाऱ्या टीपॉयच्या पायाखाली चौपदरी घडी घातलेलं स्वतःचंच पत्रक त्यांना दिसलं. त्यांनी ते ओढून काढलं, मांडीवर सरळ केलं आणि खिशात घातलं. टीपॉयवरचा पाण्याचा पेला मग खाली आला, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

वाचन म्हणाल तर ते आयुष्यभर एकच पुस्तक वाचत आले होते. तीन खंडांची एक जुनी अद्भुत साहसकथा. एका राज्याच्या मोठ्या घंटेचा आवाज एक जादूगार चोरून नेतो. घंटा हलते, लोलक आपटतो, पण नाद उमटत नाही. मग राजपुत्र घोड्यावर बसून, सात दारं ओलांडून, तो आवाज परत आणायला निघतो. बाराव्या वर्षी कृपयासाहेबांनी ती पहिल्यांदा वाचली आणि त्यानंतर दरवर्षी एकदा, पहिल्या पानापासून. बाराशे पानांत कुणी म्हणून हसत नाही. तिसऱ्या खंडात राजपुत्र एकदा 'किंचित स्मित करता झाला' असं येतं, तिथे त्यांनी पेन्सिलने रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

अशा माणसाच्या हाती वीस बाजूंचा फासा पडला.

भाचीच्या वाढदिवसाला काहीतरी घ्यायला ते खेळण्यांच्या दुकानात गेले होते. काचेच्या कपाटात ते रंगीत, टोकेरी फासे दिसले म्हणून सहज विचारलं. दुकानदाराला बहुधा दिवसभरात कुणी भेटलं नव्हतं. त्याने तासभर समजावलं. मेजाभोवती बसायचं. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं. एकजण सूत्रधार, त्याने गोष्टीतला प्रसंग सांगायचा. मग आपलं पात्र काय करतं ते ज्याने त्याने बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा टाकून ठरवायचं.

"म्हणजे सूत्रधाराचं लोकांना ऐकावंच लागतं?" कृपयासाहेबांनी विचारलं.

"खेळायचं असेल तर ऐकावं लागतं."

"आणि नियम वाचावे लागतात?"

दुकानदार जरा घुटमळला. "वाचले तर बरं."

कृपयासाहेबांनी ते 'वाचावेच लागतात' असं ऐकलं. भाचीला त्या वर्षी शुभेच्छापत्रावर समाधान मानावं लागलं.

पुढची दोन वर्षं ते त्या साहसकथेचा मेजावरचा खेळ तयार करत होते. बाराशे पानांचं रूपांतर एकशे बारा पानांच्या नियमावलीत झालं. नियम नऊ: घोड्यावर बसताना डावा पाय आधी टाकल्याचे खेळाडूने स्पष्ट सांगावे. नियम सतरा: घोड्याने बोलू नये. नियम एक्केचाळीस: दुःखाच्या प्रसंगी खेळाडूने किमान अर्धे मिनिट गप्प राहावे. सात दारांचे सात नकाशे त्यांनी पट्टी लावून काढले. पहिल्या दारावरच्या राक्षसाला दोन पानांचं भाषण दिलं, तेही मूळ पुस्तकातल्याच घोटीव भाषेत. चार प्रती काढल्या, शिवल्या, आणि खेळाच्या आठवडाभर आधी चौघांना वाटल्या.

चौघे कोण, तर एक ते स्वतः. दुसरी त्यांची बायको; नवऱ्याने दोन वर्षं ज्यात घातली ते निदान एकदा बघावं, असं तिचं मत पडलं. तिसरा वरच्या मजल्यावरचा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला सगळे लिफ्टवालाच म्हणत आणि शनिवारी दुपारी त्याला सुट्टी असे. चौथ्या सासूबाई. वय त्र्याहत्तर. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेली. दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून वर्षापूर्वी लेकीकडे राहायला आलेल्या. त्यांना खेळात घ्यावं असं कृपयासाहेबांच्या मनात नव्हतं, पण मेज ज्या खोलीत होतं त्याच खोलीत सासूबाईंची खुर्ची होती, आणि दोन्ही हलवणं अवघड होतं.

पहिल्या शनिवारी चार वाजता कृपयासाहेब इस्त्रीचा सदरा घालून बसले. नियमावली कुणीच वाचलेली नाही हे त्यांच्या पाच मिनिटांत लक्षात आलं. लिफ्टवाल्याने प्रत आणलीच नव्हती.

"काका, मी घोडा होतो," तो म्हणाला. "राजपुत्र फार बोलतो, मला पाठ व्हायचं नाही."

"घोडा हे पात्र नाही. ते वाहन आहे."

"मग वाहन होतो. त्यातलं मला कळतं."

राजपुत्र व्हायला कुणी तयार नव्हतं म्हणून ती जबाबदारी बायकोवर आली. सासूबाईंना राजाची वृद्ध दासी मिळाली. मूळ पुस्तकात ही दासी दुसऱ्याच प्रकरणात दरीत पडून मरते. कृपयासाहेबांनी हिशोब केला होता की त्यामुळे साडेचारपर्यंत सासूबाई मोकळ्या होतील.

खेळ सुरू झाला. पहिलं दार आलं. कृपयासाहेबांनी घसा खाकरून राक्षसाचं भाषण वाचायला घेतलं. हजार वर्षं मी या दारी उभा आहे, ऊन नाही, वारा नाही, निद्रा नाही. एक पान झालं आणि सासूबाईंनी हात वर केला.

"मला त्याला एक विचारायचंय."

"आई, त्याचं भाषण संपलेलं नाही," कृपयासाहेब म्हणाले.

"तेच विचारायचंय. हजार वर्षं उभा आहे म्हणतोय, तर गुडघे दुखत नाहीत का त्याचे?"

लिफ्टवाला खिदळला. कृपयासाहेबांनी नियमावली चाळली. दरडावणे होतं, लढणे होतं, शरण जाणे होतं. गुडघ्यांची विचारपूस नव्हती.

"असं विचारता येत नाही."

"कुठे लिहिलंय?" बायकोने शांतपणे विचारलं. ती वर्गातही असंच विचारायची.

कुठेच लिहिलेलं नव्हतं. नियम पाच मात्र होता: ज्या कृतीचा उल्लेख नाही तिचा निकाल फाशाने लागावा. सासूबाईंनी फासा दोन्ही तळव्यांत घोळवून टाकला. वीस. आणि नियम सहा सांगत होता की वीस पडल्यास खेळाडूचा हेतू पूर्णपणे, विनाअट सफल झाल्याचे मानावे. तो नियम कृपयासाहेबांनी स्वतः, दोनदा शुद्धलेखन तपासून, लिहिला होता.

तेव्हा राक्षस खाली बसला. बसला आणि बोलू लागला. म्हणजे बोलावं लागलं कृपयासाहेबांना, आणि त्यांना काही सुचेना म्हणून सासूबाईच त्याच्या वतीने उत्तरं देऊ लागल्या. उजवा जास्त दुखतो. जिना उतरताना कळ येते. बदली मागितली होती, पण जादूगार म्हणाला माणूस नाही. पावणेपाचला राक्षस दार सोडून त्यांच्याबरोबर चालू लागला, पाचला लिफ्टवाल्या घोड्याने त्याला पाठीवर घ्यायला नकार दिला, कारण वजनाची मर्यादा ओलांडली जात होती, आणि सव्वापाचला राजपुत्राने दोघांचं ऐकून घेऊन पाळीपाळीने चालायचं कोष्टक काढून दिलं. दासी दरीत पडायची तिथे राक्षसाने तिला अलगद झेललं. कृपयासाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं.

असे तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी सासूबाईंनी शोध लावला की जादूगाराने घंटेचा आवाज चोरला तो दुष्टपणाने नव्हे. बिचारा घंटेच्या अगदी खालच्या खोलीत भाड्याने राहत होता आणि त्याला पहाटे झोप मिळत नव्हती. तिथे कृपयासाहेबांनी फासा मेजावर आपटला आणि ते उठून आतल्या खोलीत गेले.

 बाहेरून बायकोचा आवाज आला. ती नियमावली वाचत होती. "नियम तीन. सूत्रधार अनुपस्थित असल्यास वयाने ज्येष्ठ खेळाडूने सूत्रे घ्यावीत."

सासूबाईंनी सूत्रे घेतली. त्या दिवसापासून दर शनिवारी चारला मेज भरायचं आणि कृपयासाहेब आत पलंगावर दाराकडे पाठ करून बसायचे. कान मात्र बाहेर. त्यांनी एक वही केली. मुखपृष्ठावर सुवाच्य अक्षरात 'नियमभंग' असं लिहिलं आणि बाहेर जे जे घडे ते शब्दन्‌शब्द टिपून घ्यायला सुरुवात केली, पुढे कधीतरी सगळ्यांच्या तोंडावर मारता यावं म्हणून. राक्षस काय बोलला, घोड्याने काय उत्तर दिलं, जादूगाराच्या घरमालकिणीने भाडं वाढवताना कोणती कारणं सांगितली. दोन महिन्यांत वही भरली. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतकं मन लावून काही लिहिलं नव्हतं, आणि त्यातला एक शब्दही त्यांचा नव्हता.

ती वही एक दिवस चुकून कारखान्यात टेबलावर राहिली. मालक सहसा त्या बाजूला फिरकत नसत, पण त्या दिवशी मिक्सरच्या खपाचे आकडे पडलेले होते आणि ते कुणावर तरी खेकसायला निघाले होते. कृपयासाहेब जेवून परत आले तो मालक त्यांच्या खुर्चीत बसून, डोळे पुसत, वही वाचत होते.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो," कृपयासाहेब म्हणाले. मग त्यांना वाटलं खुलासा करावा. "म्हणजे, अक्षर माझं आहे."

पण मालक पहिल्या शब्दाला उठले होते आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत वही घेऊन जिन्यात पोचले होते. ओरडून सांगता आलं असतं. जिना लांब होता, मालक जाड होते, आणि कृपयासाहेबांचे पाय ठणठणीत होते. ते खुर्चीत बसले. खुर्ची अजून गरम होती.

महिनाभरात प्रत्येक मिक्सरच्या खोक्यात घडी घातलेल्या कागदावरचा एक खेळ जाऊ लागला. नियम एका पानात आटोपलेले, दोन पुठ्ठ्याचे फासे घरी कापून चिकटवायचे, आणि बाकी सगळा राक्षस, त्याचे गुडघे, तो कुरकुरणारा घोडा आणि जादूगाराची घरमालकीण. खाली बारीक टाइपात लेखक म्हणून कृपयासाहेबांचं नाव. आणि लोकांनी वाचलं. जेवणाच्या मेजावर, झाकण लावलेल्या मिक्सरशेजारी बसून वाचलं. कारखान्याला पत्रं येऊ लागली. एका आजोबांनी राक्षसासाठी तेल लावायची कृती पाठवली. एका कुटुंबाने लिहिलं की आमचा मिक्सर पहिल्याच दिवशी जळाला, पण खेळ उत्तम आहे. तक्रारींच्या फोनवरची बाई कृपयासाहेबांकडे बघून हसू लागली. आधी ती नुसती बघायची.

पहिलं पत्र आलं त्या दिवशी कृपयासाहेब संकोचले. पाचव्या पत्राला त्यांनी मान तुकवली. विसाव्या पत्राला ते उत्तर लिहू लागले, आणि त्यात 'माझ्या राक्षसाला' असे शब्द आले. माणसाला खोटं बोलायची सवय लागायला वेळ लागतो असं म्हणतात, पण स्तुती पचवायची सवय फार लवकर लागते. घरी त्यांनी एवढंच सांगितलं की खेळ छापला गेलाय. छापील प्रत त्यांनी आणली नाही. लिफ्टवाल्याने आणली, नवा मिक्सर घेऊन. सासूबाईंनी ती डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत वाचली, बारीक टाइपासकट, आणि घडी घालून परत दिली.

"छपाई चांगली आहे," त्या म्हणाल्या.

कारखान्याच्या वार्षिक समारंभात कृपयासाहेबांचा सत्कार ठरला. कुटुंबीयांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. मालकांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, मग विक्री विभागातल्या एका हौशी माणसाने प्रश्न विचारला, "साहेब, गुडघ्यांची कल्पना तुम्हाला कशी सुचली?"

कृपयासाहेबांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहिलं.

"निरीक्षण," ते म्हणाले. "लेखकाला निरीक्षण हवं. विनोद तर मूळ कथेतच दडलेला होता, मी तो फक्त बाहेर काढला."

टाळ्या पडल्या. बायकोने एकदा टाळी वाजवायला हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. घड्याळ कृपयासाहेबांच्या मांडीवर टिकटिकत होतं. चार थांबे गेले.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "निरीक्षण कधी केलंत?"

"कशाचं?"

"माझ्या गुडघ्यांचं. मला न्हाणीघरातून बाहेर यायला वेळ लागतो तेव्हा तुम्ही बाहेरून दार वाजवता, त्या वेळी का?"

कृपयासाहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. घरी पोचल्यावर सासूबाईंनी लेकीकडे भिंग मागितलं आणि नियमावलीची मूळ प्रत, एकशे बारा पानांची, उशाशी नेली. चार दिवस त्या ती वाचत होत्या. अधूनमधून पेन्सिलने खुणा करत होत्या.

इकडे मालकांनी खेळाचा दुसरा भाग मागितला होता. गिझरबरोबर द्यायचा, महिनाभरात. कृपयासाहेब निर्धास्त होते. शनिवारी ते आपण होऊन मेजाशी येऊन बसले, इतक्या महिन्यांनी, कोरी वही मांडीवर लपवून.

"या," सासूबाई म्हणाल्या. "सूत्रधार आले. सूत्रे तुमचीच. आता नियमाप्रमाणे खेळू."

कृपयासाहेबांनी दुसऱ्या दाराचा प्रसंग वाचला. तिथे दोन जुळे द्वारपाल होते, एक खरं बोलणारा, एक खोटं. त्यांनी आशेने सासूबाईंकडे पाहिलं.

"आम्ही राजाचे दूत," सासूबाई सपाट आवाजात म्हणाल्या. "वाट सोडावी." फासा टाकला. तीन. "नियम बावीस. न जमल्यास खेळाडूने खेद व्यक्त करून पाळी सोडावी. खेद आहे."

राजपुत्राची पाळी आली. "डावा पाय आधी टाकून मी घोड्यावर बसतो," बायको म्हणाली आणि थांबली.

"मग?"

"मग काही नाही. नियम नऊमध्ये एवढंच आहे."

लिफ्टवाल्याने तोंड उघडलं. "अरे, पण त्या जुळ्यांना..."

"नियम सतरा," सासूबाई म्हणाल्या. "घोड्याने बोलू नये."

पहिली पंधरा मिनिटं कृपयासाहेबांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. दोघी त्यांचे नियम वाचून आल्या होत्या, क्रमांकासकट पाळत होत्या. घोडा गप्प होता. दुःखाच्या प्रसंगी अर्धं मिनिट शांतता पाळली गेली, बायकोने मनगटावरच्या घड्याळात बघून. मग आणखी पंधरा मिनिटं गेली. फासा पडत होता, खेद व्यक्त होत होता. साडेपाचच्या सुमाराला एक मोठी, जबडा दुखवणारी जांभई आली, आणि ती आपल्याच तोंडातून आली हे कळायला कृपयासाहेबांना क्षणभर लागलं. वहीत तारीख सोडून काही लिहिलेलं नव्हतं.

पुढचा शनिवार तसाच गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी लिफ्टवाला आलाच नाही. म्हणाला, याच्यापेक्षा बंद पडलेल्या लिफ्टमध्ये करमतं. मधल्या दिवसांत कृपयासाहेबांनी स्वतः लिहून पाहिलं. रात्रंदिवस डोकं खाजवून एक विनोद तयार केला, की दुसरा राक्षस पहिल्यापेक्षा उंच असल्याने त्याचे गुडघेही उंचावर असतात. तो त्यांनी बायकोला वाचून दाखवला. बायकोने विचारलं, "यात सिद्ध काय करायचंय?"

शेवटी ते स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. कृपयासाहेब समोर बसले, दोन शेंगा सोलल्या, एकीत कीड निघाली ती बाजूला ठेवली.

"आई, माझं चुकलं."

"कोणत्या नियमाने?"

"नियम नाही. चुकलंच."

"मालकांना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय? मला ठाऊकच आहे." त्यांनी मटारांचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

सोमवारी कृपयासाहेब मालकांकडे गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं. त्यांना धक्का वगैरे काही बसला नाही.

"सासूबाई?" ते म्हणाले. "त्र्याहत्तर वर्षांच्या? असू देत हो. लोकांना आता तुमचं नाव माहीत झालंय. बदललं तर वाटेल आधीचं खोटं होतं."

"खोटंच होतं, साहेब."

"ते तुम्हाला आणि मला. खोक्यात घालायच्या कागदावर कोण बघतं?"

हे वाक्य मालकांनी बोलायला नको होतं. एकोणतीस वर्षं कृपयासाहेबांनी ते स्वतःशी म्हटलं होतं, पण मालकांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते जागेवर आले. पहिल्या भागाची नवी आवृत्ती छापायला जायची होती आणि शेवटचं मुद्रित त्यांच्याच टेबलावर होतं. त्यांनी लेखकाचं नाव खोडलं. तिथे सासूबाईंचं पूर्ण नाव लिहिलं, टाइप चांगला मोठा केला, आणि खाली लिहिलं, 'लेखनिक:' आणि आपलं नाव. मुद्रित सहीसाठी मालकांकडे गेलं. मालकांनी न वाचता सही केली. पन्नास हजार प्रती निघाल्या.

मालकांना ते कळलं तेव्हा खोकी दुकानांत पोचली होती. ओरडाओरड झाली. नोकरीवरून काढलं नाही, कारण पत्रकं लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं, पण त्यांचं टेबल उचलून तक्रारींच्या फोनच्या खोलीत टाकलं आणि अर्धा दिवस फोन घ्यायचं काम लावलं. गिझरबरोबरचा दुसरा भाग रद्द झाला.

छापील प्रत कृपयासाहेबांनी या वेळी स्वतः आणून सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी भिंग न घेता वाचली.

"माझ्या नावात यांचं नाव कशाला घातलंत?" त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांच्या दिवंगत यजमानांचं. "त्यांनी यात काय केलं? ते तर कधी हसायचेसुद्धा नाहीत."

"पूर्ण नाव असावं म्हणून."

"हं." त्यांनी प्रत पर्समध्ये ठेवली, चष्म्याच्या घरामागे. "शनिवारी त्या वरच्याला बोलवा. घोड्याशिवाय मजा नाही."

न्हाणीघराचं दार आता कुणी वाजवत नाही. कृपयासाहेब बाहेर उभे राहतात, टॉवेल खांद्यावर टाकून, आणि मधूनच खाकरतात; एवढी सुधारणा झाली. कारखान्यात रोज आठ-दहा फोन सासूबाईंसाठी येतात. घोडा लग्न करू शकतो का, राक्षसाला पेन्शन आहे का, असले प्रश्न. कृपयासाहेब ते वहीत उतरवून घरी आणतात आणि दुसऱ्या दिवशी उत्तरं कळवतात. इस्त्री तापत नाही म्हणणाऱ्यांना ते बटणाबद्दल विचारतात, तेव्हा आवाजात पूर्वीची धार असते.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडलेली नाही. मूळ कथेच्या शेवटी, सातव्या दाराआड, राजपुत्र एकटा घंटेखाली उभा राहतो आणि नाद परत येतो, तो प्रसंग त्यांनी खेळासाठी जसाच्या तसा लिहून ठेवलाय, अकरा पानं, एकही विनोद नाही. दर शनिवारी ती पानं ते मेजाच्या कडेला ठेवतात. सासूबाईंनी त्यांना एकदा वचनही दिलंय की तिथे पोचलो की तुम्हीच वाचा, कुणी हसणार नाही. पण मंडळी अजून तिसऱ्या दाराशी आहेत. तिथल्या पहारेकऱ्याची मुलगी परीक्षेत नापास झालीय, आणि राजपुत्र तिला गणित शिकवतोय.